निकेल ऑक्साइडचे सूक्ष्मगोल कसे घडतात, आणि एकाच कृतीतून वेगवेगळे का निघतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निकेल नायट्रेट आणि युरिया यांचे, पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणातले द्रावण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) १६० अंश सेल्सिअसला बारा तास ठेवले आणि मिळालेला फिकट हिरवा अवक्षेप ३५० अंशांना भाजला, तर एसईएमखाली (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कधी पाकळ्यापाकळ्यांचे सुबक गोल दिसतात, कधी नुसत्या सुट्या पापुद्र्यांचा ढीग दिसतो, आणि कधी फुटलेले, आतून पोकळ असलेले गोल दिसतात. कृती तीच असताना असे का होते, आणि हे गोल नेमक्या कोणत्या यंत्रणेने घडतात, हे तुम्हाला हवे आहे.

माझे उत्तर असे की या गोलांना एकच एक यंत्रणा नसते. एकामागून एक चार-पाच घटना घडतात, त्या एकमेकींवर काही काळ चढलेल्या असतात, आणि कोणती घटना किती वेगाने व कोणत्या क्षणी सुरू होते यावर गोल भरीव होणार, पोकळ होणार की होणारच नाही हे ठरते. कृतीच्या कागदावर आपण वजने, तापमान आणि तास लिहितो. वेग मात्र लिहीत नाही. तुमच्या तिन्ही निष्पत्ती या न लिहिलेल्या वेगांतून आल्या असाव्यात, असे मला वाटते. हे मी टप्प्याटप्प्याने मांडतो.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करावी लागते, ती म्हणजे गोलाचा आकार आणि स्फटिकाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसईएममध्ये तुम्हाला दोन मायक्रोमीटर व्यासाचा गोल दिसतो, पण त्याच भुकटीच्या एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांच्या विवर्तन-आलेखामध्ये) ४३ अंशांच्या आसपासचे निकेल ऑक्साइडचे शिखर पसरट असते. तांब्याच्या क्ष-किरणांसाठी त्या शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी एक अंश असेल, तर शिखराच्या रुंदीवरून कणाचे माप काढणाऱ्या शेररच्या समीकरणातून स्फटिककणाचा आकार साडेआठ नॅनोमीटरच्या जवळपास येतो. म्हणजे तो गोल हा एक स्फटिक नाही, तर अतिसूक्ष्म स्फटिककणांची वस्ती आहे. दहा नॅनोमीटरचे कण धरले आणि गोलाचा साठ टक्के भाग भरलेला मानला, तर दोन मायक्रोमीटरच्या एका गोलात सुमारे ४८ लाख कण बसतात. पृष्ठफळाचा हिशेबही हेच सांगतो. निकेल ऑक्साइडची घनता ६.६७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. दोन मायक्रोमीटरचा ठोस गोल असता, तर एका ग्रॅमला अर्धा चौरस मीटरसुद्धा पृष्ठभाग मिळाला नसता, आणि दहा नॅनोमीटरचे कण सुटे असते तर सुमारे ९० चौरस मीटर मिळाला असता. नायट्रोजन शोषणाच्या मोजणीत तुमचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतो, यावरून गोलातली किती पोकळी बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे याचा अंदाज येतो. ही मोजणी अजून केली नसेल, तर अवश्य करा.

मग प्रश्न असा उरतो की हे लाखो कण जन्मतात कसे आणि एकत्र का येतात. जन्माचा भाग बराच समजलेला आहे. ला मेर आणि डिनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कलिलांवरील (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरील) कामातून जे चित्र मांडले, ते आजही आपला पाया आहे. द्रावणात अविद्राव्य होऊ पाहणारा पदार्थ हळूहळू साठत जातो, अतिसंपृक्तता (विरघळू शकेल त्याहून जास्त पदार्थ द्रावणात असणे) एका मर्यादेपलीकडे गेली की थोड्या काळात असंख्य बीजे पडतात, त्या बीजांनी पदार्थ ओढून घेतल्यामुळे अतिसंपृक्तता पुन्हा मर्यादेखाली येते, आणि त्यानंतर नवी बीजे न पडता असलेल्या बीजांचीच वाढ होते. तुमच्या कृतीत युरिया ठेवला आहे तो यासाठीच. थंड द्रावणात युरिया जवळजवळ निष्क्रिय असतो. ८० अंशांच्या पुढे तो लक्षात येण्याइतक्या वेगाने फुटू लागतो आणि त्याच्या एका रेणूतून अमोनियाचे दोन रेणू व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळतो. अमोनियामुळे पीएच सगळ्या द्रावणात सारखा आणि सावकाश वर चढतो. हाच पीएच तुम्ही वरून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून चढवला असता, तर प्रत्येक थेंबाभोवती क्षणभर पीएच प्रचंड वाढून तिथल्या तिथे जेलीसारखा गोळा झाला असता, आणि बीजे वेगवेगळ्या वेळी पडल्याने कणांच्या आकारात काहीच मेळ राहिला नसता.

युरियातून येणारा कार्बन डायऑक्साइड अनेकांच्या हिशेबातून सुटतो. तो कार्बोनेट होऊन निकेल हायड्रॉक्साइडच्या थरांमध्ये शिरतो, आणि म्हणून या कृतीत बहुधा शुद्ध बीटा निकेल हायड्रॉक्साइड न मिळता ज्याला अल्फा म्हणतात ते सैल रूप मिळते, ज्यात थरांमध्ये पाणी व ऋण आयन अडकलेले असतात. बीटा रूपात थरांमधील अंतर ०.४६ नॅनोमीटर असते, तर अल्फा रूपात ते ०.७ ते ०.८ नॅनोमीटरपर्यंत जाते. भाजण्यापूर्वीच्या भुकटीचा एक्सआरडी काढला की लहान कोनातल्या पहिल्या शिखरावरून हे लगेच कळते. बहुतेक विद्यार्थी भाजल्यानंतरचाच एक्सआरडी काढतात. मला विचाराल तर दोघांपैकी भाजण्यापूर्वीचा अधिक मोलाचा आहे, कारण गोल त्या अवस्थेतच घडून गेलेला असतो.

आता एकत्र येण्याकडे वळतो, कारण खरी गुंतागुंत इथे आहे. गोलाकारात दिलेल्या घनफळासाठी पृष्ठभाग सर्वांत कमी असतो, म्हणून पृष्ठऊर्जा कमी करण्यासाठी कण गोल होतात, असे स्पष्टीकरण तुम्ही वाचले असेल. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पाण्याच्या थेंबाला ते लागू पडते, कारण थेंब वाहू शकतो. घन कण एकमेकांना चिकटले की ते वाहत नाहीत. उलट, विसरणाने (द्रावणात आपोआप इकडेतिकडे पसरत) भटकणारे कण पहिल्या स्पर्शातच कायमचे चिकटत असतील, तर फांद्याफांद्यांचा, झाडोऱ्यासारखा विरळ पुंजका तयार होतो. विटेन आणि सँडर यांनी १९८१ मध्ये अशा वाढीचे गणिती प्रारूप मांडले होते. बाहेर आलेले टोक येणाऱ्या कणाला आधी पकडते आणि आतल्या खाचेपर्यंत काही पोचतच नाही. तेव्हा गोल होणे आपोआप घडत नाही, त्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक तर येणारा कण लगेच चिकटता कामा नये, म्हणजे तो पृष्ठभागावर सरकत, चाचपडत खोलगट जागा शोधू शकतो. किंवा चिकटल्यानंतर तो थोडा विरघळून पुन्हा जवळच बसला पाहिजे, म्हणजे टोके झिजतात आणि खाचा भरतात. किंवा पहिला पुंजका इतका मऊ, पाणीदार आणि अस्फटिकी असला पाहिजे की तो जवळजवळ द्रवासारखा वागेल. निकेल हायड्रॉक्साइडच्या बाबतीत मला या तिन्हींचा अंश दिसतो, आणि ग्लायकॉल तिथे मोठी कामगिरी बजावते: ते निकेल आयनाला काहीसे धरून ठेवते, द्रावण दाट करते आणि कोवळ्या कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांची स्फटिक होण्याची घाई रोखते.

मग पुंजके वाढता वाढता एकमेकांतच का मिसळत नाहीत, आणि सगळे गोल साधारण एकाच मापाचे का निघतात? याचे उत्तर कलिलांच्या स्थैर्याच्या सिद्धांतात आहे आणि ते फार कमी वेळा सांगितले जाते, म्हणून इथे थोडा थांबतो. दोन भारित गोलांना एकमेकांपासून दूर ढकलणारा अडथळा त्यांच्या त्रिज्यांच्या गुणाकाराला बेरजेने भागले असता जे मिळते, त्याच्या प्रमाणात असतो. पाच नॅनोमीटर त्रिज्येच्या दोन कणांसाठी हा आकडा अडीच येतो. पाच नॅनोमीटरचा कण आणि ५०० नॅनोमीटरचा गोल यांच्यासाठी तो जवळपास पाच येतो. पण ५०० नॅनोमीटरच्या दोन गोलांसाठी तो २५० होतो. म्हणजे लहान कणाला मोठ्या गोलावर जाऊन बसणे सोपे आहे, तर दोन मोठ्या गोलांना एकमेकांत मिसळणे पन्नास पट अवघड आहे. त्यामुळे एकदा काही पुंजके विशिष्ट मापाचे झाले की ते आपसात जुळत नाहीत, पण द्रावणात नव्याने जन्मलेले सगळे बारके कण वेचून घेतात. याच कारणाने बीजनिर्मिती काहीशी लांबली तरी शेवटचे गोल एकसारखे निघू शकतात. ला मेरच्या चित्रात बीजनिर्मिती थोडक्यात संपणे आवश्यक मानले आहे, इथे मात्र उशिरा जन्मलेले कण आधीच्या गोलांचे खाद्य होतात. स्टोबर, फिंक आणि बोन यांनी १९६८ मध्ये अमोनियाच्या साहाय्याने सिलिकाचे एकसारखे गोल बनवण्याची जी पद्धत दिली, तिच्या वाढीचा उलगडा करतानाही पुढे हाच युक्तिवाद उपयोगी पडला.

यातून तुमच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर निघते. सुटे पापुद्रे केव्हा मिळतात? जेव्हा सुरुवातीला कोवळ्या कणांचे दाट पीक येतच नाही तेव्हा. निकेल हायड्रॉक्साइडची मूळ रचना थरांची आहे. थराच्या आत बंध बळकट असतात आणि दोन थरांमधली ओढ दुबळी असते, त्यामुळे स्फटिक कडेने भराभर पसरतो आणि जाडीत फारसा वाढत नाही. तापमान फार सावकाश चढले, तर अतिसंपृक्तता मर्यादेच्या जेमतेम वर राहते, बीजे मोजकीच पडतात, आणि प्रत्येक बीज मोकळ्या द्रावणात आपापला पापुद्रा होऊन वाढते. तापमान चटकन चढले, तर एकदम असंख्य कण जन्मतात, ते पुंजक्यात जातात, आणि मग पापुद्रे त्या पुंजक्याच्या पृष्ठभागावरून उगवतात. पाकळ्या गोलावर उभ्या का दिसतात, याचेही कारण साधे आहे. सुरुवातीला त्या सगळ्या दिशांनी उगवतात. पण ज्या आडव्या असतात त्या शेजारणीला जाऊन धडकतात आणि थांबतात, ज्या पृष्ठभागाला लंब असतात त्यांना पुढे मोकळे द्रावण मिळते. दाट लावलेल्या रोपांत सरळ उंच जाणारीच टिकतात, तसाच हा प्रकार आहे. यासाठी कोणत्याही खास पृष्ठसक्रिय (साबणासारख्या, पृष्ठभागावर बसणाऱ्या) द्रव्याने पाकळ्यांना दिशा दिली, असे मानण्याची गरज पडत नाही.

तापमान चढण्याचा वेग तुमच्या दोन प्रयोगांत वेगळा कसा झाला असेल, असे तुम्ही म्हणाल. आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. एका विद्यार्थिनीला कित्येक आठवडे एक दिवस उत्तम गोल आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रे, असे आलटून पालटून मिळत होते. रसायनांच्या बाटल्या बदलून झाल्या, पाणी बदलून झाले. शेवटी तिच्या वहीत प्रत्येक प्रयोगासमोर त्या दिवशी ओव्हनमध्ये एकूण किती ऑटोक्लेव्ह होते हे लिहायला सांगितले, तेव्हा चित्र स्वच्छ झाले: भांडे एकटे असेल तेव्हा गोल मिळत, आणि इतरांच्या पाच-सहा भांड्यांसोबत ठेवले असेल तेव्हा पापुद्रे. पोलादाचे जड भांडे आणि त्याच्या आत उष्णतेला सहज वाट न देणारे टेफ्लॉन, यामुळे आतले द्रावण ओव्हनच्या तापमानाला यायला एरवीही तासभर लागतो. ओव्हन भरलेला असला की त्याहून बराच जास्त. ओव्हनच्या काचेवर १६० चा आकडा दिसत असतो, पण द्रावण अजून शंभरापाशीच घुटमळत असते आणि बीजनिर्मितीचा निर्णायक काळ तिथेच निघून जातो. त्यानंतर आम्ही ओव्हन आधी तापवून घेणे, एका वेळी ठरावीक संख्येनेच भांडी ठेवणे, आणि भांड्याचा आकार व भरण्याचे प्रमाण कधीही न बदलणे हे नियम केले. भांडे सत्तर ते ऐंशी टक्क्यांपलीकडे कधीही भरू नका; ती तर सुरक्षिततेचीच बाब आहे, कारण द्रव प्रसरण पावतो आणि तुमच्या कृतीत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांचाही दाब असतो.

दुसरा छुपा बदल वजनाचा असतो. निकेल नायट्रेटचा हेक्साहायड्रेट दमट हवेत पाणी ओढतो. बाटलीतले खडे ओलसर आणि एकमेकांना चिकटलेले दिसत असतील, तर तराजूवर तुम्ही जे वजन घेता त्यातले काही नुसते पाणी असते. निकेलचे प्रमाण टायट्रेशनने तपासलेले साठा-द्रावण करून ठेवणे आणि दर वेळी त्यातून मोजून घेणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

आता पोकळ गोलांचा प्रश्न. पोकळी कशी पडते याची निदान चार स्पष्टीकरणे प्रचलित आहेत, आणि लेखांमध्ये त्यांची अदलाबदल फार सैलपणे केली जाते. तुमच्या प्रणालीला कोणते लागू पडते हे ठरवायचे असेल, तर प्रत्येकाची पूर्वअट पाहावी लागते.

साच्याची पद्धत सर्वांत सरळ आहे: आधी पॉलिस्टायरीनचा किंवा कार्बनचा गोल घ्यायचा, त्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा आणि मग आतला साचा जाळून किंवा विरघळवून टाकायचा. कारुसो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पॉलिस्टायरीनवर थरावर थर चढवून असे पोकळ गोल दाखवले. ग्लुकोजचे द्रावण बंद भांड्यात १६० ते १८० अंशांना तापवून मिळणारे कार्बनचे गोलही साचा म्हणून उत्तम चालतात, कारण त्यांच्या पृष्ठभागात धातूचे आयन मुरतात. तुमच्या कृतीत असा साचा नाही, तेव्हा हे बाजूला ठेवू.

किर्केंडाल परिणामाचे नाव तुमच्या प्रश्नात आले आहे. स्मिगेलस्कस आणि किर्केंडाल यांनी १९४७ मध्ये पितळ आणि तांबे यांच्या जोडावर दाखवले की दोन घन पदार्थ एकमेकांत शिरताना त्यांचे वेग सारखे नसतात. जो वेगाने बाहेर जातो त्याच्या मागे रिकाम्या जागा साठत जातात. २००४ मध्ये यिन, अलिव्हिसाटोस आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टच्या नॅनोकणांतून याच मार्गाने पोकळ कण बनवले. पण त्यासाठी आधी धातूचा किंवा दुसऱ्या संयुगाचा घन गाभा हवा आणि त्याच्या पृष्ठभागावर अभिक्रिया व्हायला हवी. तुमच्या भांड्यात निकेल द्रावणातून थेट हायड्रॉक्साइड म्हणून उतरते. तिथे धातूचा गाभा कुठेच नाही. म्हणून या प्रणालीत किर्केंडालचे नाव घेऊ नका.

वायूच्या बुडबुड्यांभोवती कण गोळा झाले, हे स्पष्टीकरण युरियाच्या कृतींत फार वापरले जाते, कारण अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतात हे सर्वांना ठाऊक असते. माझे मत इथे सावध आहे. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात पृष्ठताणामुळे बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाब असतो, त्यामुळे तो झपाट्याने विरघळतो किंवा दुसऱ्यात मिसळून मोठा होऊन वर जातो. त्याने तासन्‌तास एकाच मापाचा राहून लाखो कणांना आधार द्यावा, हे सहज घडणारे नाही. बुडबुड्यांचा काही प्रत्यक्ष पुरावा हाती असल्याशिवाय मी हे स्पष्टीकरण मान्य करत नाही.

उरते ओस्टवाल्ड रायपनिंग, म्हणजे लहान कण विरघळून त्यांचा माल मोठ्या कणांवर बसणे, आणि तुमच्या गोलांच्या बाबतीत मला तेच पटते. लहान कणाची विद्राव्यता मोठ्यापेक्षा जास्त असते, आणि हा फरक नॅनोमीटरच्या पातळीवर किती मोठा होतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. निकेल हायड्रॉक्साइडची पृष्ठऊर्जा उदाहरणादाखल अर्धा ज्यूल प्रति चौरस मीटर धरली, तर १६० अंशांना पाच नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाची विद्राव्यता सपाट पृष्ठभागाच्या साडेतीन पट येते, तर ५० नॅनोमीटरच्या कणाची केवळ तेरा टक्के जास्त. आता गोलाची रचना आठवा. घाईने जमलेला आतला भाग बारीक, सैल आणि कमी स्फटिकी कणांचा असतो. बाहेरचे कण ताज्या द्रावणाच्या सान्निध्यात सावकाश वाढून मोठे व सुघटित झालेले असतात. त्यामुळे आतले विरघळतात, तो माल फटींमधून बाहेर येतो आणि बाहेरच्या पाकळ्यांवर बसतो. गोलाचे बाहेरचे माप फारसे न बदलता गाभा रिता होत जातो. यांग आणि झेंग यांनी २००४ मध्ये टायटॅनियम टेट्राफ्लोराइडपासून टायटॅनियम डायऑक्साइडचे पोकळ गोल असेच बनताना दाखवले. पोकळी नेहमी मध्यातच सुरू होते असेही नाही. सर्वांत दुबळा थर पृष्ठभागाच्या किंचित खाली असेल तर तिथे फट पडते आणि कवचाच्या आत सुटा गोळा राहतो.

म्हणजे पाकळ्यांचा गोल आणि पोकळ गोल हे तुमच्या बाबतीत दोन वेगळे पदार्थ नसून बहुधा एकाच प्रवासातले दोन मुक्काम आहेत. पाकळ्या मोठ्या होतात त्या गाभ्याच्या जिवावर. ज्या दिवशी प्रत्यक्ष उच्च तापमानाचा काळ जास्त मिळाला, त्या दिवशी गाभा अधिक रिता झाला आणि कवच पातळ राहिले, म्हणून ते पुढे फुटले.

फुटण्यात मात्र भांड्याबाहेरच्या दोन पायऱ्यांचाही हात असतो. पहिली सुकवण्याची. छिद्रांतले पाणी वाळताना त्याचा वक्र पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात हा ताण खोलीच्या तापमानाला सुमारे १४० वातावरणे एवढा होतो. पाण्याऐवजी इथेनॉल असेल तर तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून शेवटची दोन-तीन धुणी इथेनॉलने द्यायची आणि ६० अंशांच्या आसपास सावकाश सुकवायचे. सेंट्रीफ्यूजमध्येही वेग गरजेपुरताच ठेवा. तळाशी घट्ट बसलेली वडी कांडीने खरडून मोकळी करताना कितीतरी पातळ कवचे फुटतात.

दुसरी पायरी भाजण्याची. निकेल हायड्रॉक्साइडचे ऑक्साइड होताना, बीटा रूपाच्या हिशेबाने, वजन १९ टक्क्यांहून थोडे जास्त घटते; पण घनफळ जवळपास निम्मे होते, एका मोलमागे साडेबावीस घन सेंटिमीटरवरून सव्वाअकरापर्यंत. अल्फा रूपात अडकलेले पाणी आणि कार्बोनेट धरले तर घट आणखी मोठी. हे आकुंचन दोन प्रकारे जिरते: एक तर सबंध गोल आक्रसतो, आणि पूर्ण आक्रसला तर व्यास सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी होतो, किंवा गोल बाहेरून तसाच राहतो आणि प्रत्येक पाकळीत बारीक छिद्रे पडतात. मिनिटाला एक-दोन अंश या वेगाने तापवले तर पाकळ्यांना सावरायला वेळ मिळतो आणि छिद्रे सर्वत्र सारखी पडतात. मिनिटाला दहा अंशांनी तापवले तर बाहेरचे कवच आधी ऑक्साइड होऊन कडक होते, आतला भाग नंतर वाफ व वायू सोडत आकसतो, आणि कवच तडकते किंवा गाभ्यापासून सुटते. कार्बनच्या साच्यातून कवचात कवच असलेले गोल मुद्दाम बनवताना याच वेगळ्या वेळी होणाऱ्या आकुंचनाचा फायदा घेतला जातो. तुमच्याकडे ते न मागता घडत असावे. भाजण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या एसईएम चित्रांवर प्रत्येकी दोनशे गोलांचे व्यास मोजा. सरासरीतला फरक सांगेल की आकुंचन गोलाने घेतले की पाकळ्यांनी, आणि फुटक्या गोलांचे प्रमाण दोन्हीकडे मोजले की फुटणे ओव्हनमधले आहे की भट्टीतले, हेही कळेल.

हे सगळे माझे अनुमान तुमच्या भांड्यात खरे आहे की नाही, हे बारा तासांनंतरच्या चित्रावरून सिद्ध होणार नाही. शेवटचा फोटो पाहून मागची सगळी घडण लिहून टाकण्याची सवय या क्षेत्रात फार आहे, आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते, कारण खरा पुरावा मिळवणे अवघड नाही. एकसारखी सहा भांडी घ्या, एकाच साठा-द्रावणाने भरा, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये एकाच वेळी ठेवा, आणि अर्धा, एक, दोन, चार, आठ व बारा तासांनी एकेक बाहेर काढा. काढलेले भांडे वाहत्या हवेत लवकर थंड होऊ द्या, पण पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. प्रत्येकाच्या वरच्या निवळीचा रंग व पीएच टिपा. पहिल्या भांड्यात बहुधा स्वच्छ हिरवे द्रावण किंवा अगदी पुसट धूसरपणा असेल, तोही नोंदवा. पुढे निवळी फिकी होत जाते, आणि अमोनिया साठला असेल तर तिच्यात निळसर झाक येते, ती निकेल-अमोनिया संकुलाची. निवळीतले उरलेले निकेल मोजले तर आणखी चांगले, कारण द्रावणातले निकेल चार तासांनी संपले असूनही पाकळ्या आठ तासांपर्यंत वाढत राहिल्या, तर तो माल गाभ्यातून आला हे जवळपास निश्चित होते.

एक सावधगिरी. थंड होताना उरलेल्या द्रावणातून बारीक कण नव्याने पडतात आणि गोलांवर धुळीसारखे बसतात. सुरुवातीच्या नमुन्यांत ही धूळ सर्वांत जास्त असते, आणि ‘गोल लहान कणांपासून बनतात याचा पुरावा’ म्हणून तिचेच फोटो दाखवले जाताना मी पाहिले आहेत. गरम असतानाच नमुना वेगळा करता येत नसेल, तर निदान धुण्याच्या आधी आणि नंतर असे दोन्ही फोटो काढा. जी धूळ धुऊन जाते ती गोलाच्या घडणीचा भाग नव्हती.

पोकळी पाहण्यासाठी एकट्या टीईएमवर (नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) विसंबू नका. दोन मायक्रोमीटरचा भरीव गोल इलेक्ट्रॉनांना इतका जाड पडतो की तो नुसता काळा दिसतो, आणि काळा दिसला म्हणजे आत पोकळी नाही, असा निष्कर्ष निघत नाही. गोल रेझिनमध्ये बसवून मायक्रोटोमने पातळ काप घेतले की आतली रचना थेट दिसते. तशी सोय नसेल तर थोडी भुकटी दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फोडा आणि फुटलेले तुकडे एसईएमखाली पाहा: भरीव, कवचाचा, की आत सुटा गोळा असलेला, हे पन्नास तुकड्यांवरून मोजून सांगता येते. सहाही वेळांच्या नमुन्यांवर ही मोजणी केली आणि पोकळ तुकड्यांचे प्रमाण दोन तासांनंतर चढत गेलेले दिसले, तर रायपनिंगचा दावा तुम्ही निर्धास्तपणे करू शकता. ते सुरुवातीपासूनच सारखे राहिले, तर माझे वरचे अनुमान चुकले असे समजा आणि बुडबुड्यांचा विचार नव्याने करा.

या मालिकेच्या आधी मात्र एक गोष्ट करा. एका रिकाम्या भांड्यात फक्त पाणी-ग्लायकॉलचे मिश्रण भरून, ज्या भांड्यांची रचना परवानगी देते त्यांपैकी एकात थर्मोकपल बसवून, आतले तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवा; एकदा ओव्हनमध्ये ते भांडे एकटे ठेवून आणि एकदा सहाही भांडी ठेवून. त्या दोन वक्ररेषा एकमेकींवर ठेवल्या की गोल आणि पापुद्रे यांच्यातला फरक तुम्हाला कोणत्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसेल, असा माझा अंदाज आहे. ते आकडे आणि सहा नमुन्यांचे फोटो मला पाठवा, मग पुढचे बोलू.